जयू कुठे उतरली

आज रात्री बारापर्यंत नाव द्यायचं आहे.
आत्ता नऊ चाळीस. बरक्यात हवा अशी
की गॅलरीत पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो.

फॉर्मला तीनच रकाने:
नाव, टोपणनाव,
आणि कोणत्या पात्रावर लिहिणार.
तिसरा मी आधी भरला, मग खोडला,
मग उठून कपडे धुतले, वाळत घातले.
या दमटात कोण वाळत घालतं, शीजा म्हणाली.
तिला काय सांगू.

तीस दिवस, तीस पानं,
दुसऱ्या कुणी जन्माला घातलेल्या माणसांची.
याला फॅन फिक्शन म्हणतात
हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं.
अकराव्या वर्षी मी याला
गणिताच्या वहीची मागची पानं म्हणायचे.

तांडेल खोताची तेवीस पुस्तकं होती.
खोत भरतीची वेळ बघून खुनी ओळखायचा.
सगळ्यांना खोत आवडायचा.
मला जयू,
कस्टमच्या कचेरीत शिक्के मारणारी,
जी तीन पुस्तकांत मिळून सतरा वाक्यं बोलते
आणि आठव्यात, पान एकशे चारवर,
पत्र्याची पेटी घेऊन गलबतावर चढते.
बस्स.
पुढे पंधरा पुस्तकं आली,
खोतानेसुद्धा विचारलं नाही, ती पोचली का.

आता लिहायला बसणार त्या पुण्या-नाशिकच्या मुली,
विशीतल्या, रोज लिहिणाऱ्या.
खोताची विडी कुठल्या खिशात, त्यांना पाठ.
आणि मी दिवसभर खल्लास, बुकरा, चलो भाई.
वेलांटी पहिली की दुसरी,
आईला फोन करून विचारावं लागतं,
आई म्हणते, तुला गं आता कशाला हवंय?
माझं चुकलं तर त्या हसतील.
किंवा कुणी वाचणारच नाही.
किंवा, याने पोटात जास्त गोळा येतो,
कुणीतरी नीट वाचेल.

माझं काम पाण्याचं.
पाइपातून समुद्र आत येतो,
पडद्यांतून दाबला जातो,
आणि पलीकडे निघतं ते इतकं शुद्ध
की पिववत नाही.
मग आम्ही चुनखडी घालून
त्याला थोडी चव परत देतो.
बद्रिया, माझी वरिष्ठ, नव्या पोरांना सांगते:
समुद्र कुणी केला ते आपण विचारायचं नाही,
ग्लास कुणाच्या हातात जाणार तेवढं बघायचं.
हे वाक्य आज मी माझ्या बाजूने लावून पाहिलं.
अकरा मिनिटं पुरलं.

खरं म्हणजे,
पंचवीस वर्षं ती चढतेच आहे.
एक पाय फळीवर, पेटी डाव्या हातात.
मी लिहिलं की तिला कुठेतरी उतरावं लागणार.
आणि तिथे तिला नाही करमलं तर?
ते मग माझ्यावर येईल, लेखकावर नाही.

कुठे, ते मला माहीत आहे. म्हणूनच टाळतेय.
इथल्याच किनाऱ्यावर, मासळीचा लिलाव चालू असताना,
सुरमईच्या ढिगापाशी उभी राहून
ती खुणांनी काम मागते.
शिक्के मारता येतात, हे खुणेने कसं सांगणार?
हवेवर मूठ आपटते. माणसं हसतात.
एक म्हातारी तिला तांब्या देते
आणि म्हणते, माय.
जयू चमकून बघते.
इथे पाण्याला माय म्हणतात
हे तिला कळायला दोन दिवस जातात,
तोवर ती त्या म्हातारीची लेक असते.

हे मी सुचवलेलं नाही.
कपडे पिळताना आपोआप आलं.

अकरा बावन्न.
तिसऱ्या रकान्यात पुन्हा लिहिलं, जयू.
आडनाव तिला दिलेलंच नव्हतं.
टोपणनावाची जागा अजून कोरी,
बोट बटणावर, ओलं.
शीजा विचारते, लाइट घालवू?
थांब जरा, म्हटलं,
एकीला उतरवून घेतेय,
पेटी जड आहे तिची.